रविवारचं पाणी

ताईंना सगळे ताईच म्हणत. संस्थेचे संचालक त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, तेही ताई म्हणत आणि काल-परवा लागलेले संशोधकही. पगाराच्या कागदावर त्यांचं नाव होतं, पण ते वाचून दाखवलं असतं तर लॅबमधल्या निम्म्या लोकांनी 'ही कोण?' असं विचारलं असतं.

वय पंचावन्न. लग्न झालं नव्हतं. त्यामागे काही मोठी गोष्ट नव्हती. आधी वडिलांचं आजारपण निघालं, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग आईचे गुडघे, आणि या सगळ्यात कधीतरी विचारणारेच थांबले. भाऊ लांबच्या शहरात बायको-मुलांसह सुखात होता. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि ताई. खोल्या इतक्या नीटनेटक्या की सकाळी जी वस्तू जिथे ठेवावी ती संध्याकाळी तिथेच सापडायची. हलवणार कोण?

काम मात्र ताईंचं असं होतं की ऐकणारा पहिल्यांदा हसायचाच. त्या कोलेस्टेरॉल चिकटवायच्या.

"अहो, आम्ही ते कमी व्हावं म्हणून गोळ्या खातोय, आणि तुम्ही चिकटवत बसता?" खालच्या मजल्यावरचे पेन्शनर काका दर भेटीत हेच म्हणत आणि दर भेटीत नव्याने हसत.

ताई शांतपणे समजावून सांगत. साखरेच्या बारीक बारीक मण्यांची एक लांबच लांब माळ असते, पॉलिमर म्हणतात तिला. पाण्यात टाकली की विरघळते. त्या माळेत दर शंभर मण्यांमागे एक-दोन ठिकाणी कोलेस्टेरॉलचा कण जोडायचा. आता कोलेस्टेरॉल म्हणजे पाण्याला अगदी पाण्यात पाहणारा पदार्थ! पाण्यात पडल्याबरोबर ते कण एकमेकांकडे धाव घेतात, एकमेकांना बिलगून आत दडून बसतात आणि साखरेची माळ त्यांच्याभोवती गुंडाळली जाते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक गोळे होतात. त्या गोळ्यांच्या पोटात औषध ठेवता येतं. डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारात दर महिन्याला डोळ्यात सुई टोचून घ्यावी लागते. हे जमलं तर औषध हळूहळू सुटेल आणि सुई वर्षातून दोनदाच घ्यावी लागेल. कण कमी जोडले तर गोळा औषध धरत नाही, जास्त जोडले तर सगळ्याचा लगदा होऊन तळाशी बसतो.

"म्हणजे स्वयंपाकच की," काका म्हणत.

"स्वयंपाक चुकला तर घरातले बोलतात. हे चुकलं तर पेशी मरतात."

ते खरं होतं. माल तयार झाला की आधी काचेच्या थाळीत वाढवलेल्या जिवंत पेशींवर त्याची परीक्षा होई. ताईंच्या हातचा माल घातलेल्या पेशी मजेत जगत. बाकी कुणीही केला, की दहातल्या सहा-सात वेळा पेशी दुसऱ्या दिवशी आकसून गेलेल्या. पूड तीच, बाटल्या त्याच, लिहिलेली कृती तीच. लॅबमध्ये याला 'ताईंचा हातगुण' म्हणत आणि त्यावर विषय संपे.

तो संपू दिला नाही तो धावत्या डॉक्टरांनी.

हे डॉक्टर चाळिशीचे, दोन लहान मुलांचे बाप, तीन वर्षांच्या करारावर आलेले. कायम घाईत. जिना चढताना दोन पायऱ्या एकदम, चहा उभ्याने. 'धावते डॉक्टर' हे नाव त्यांना पहिल्याच आठवड्यात चिकटलं, आणि तेही दर शंभर पावलांमागे एकदा नव्हे, चांगलं घट्ट. एका औषध कारखान्याने ही कृती मागितली होती. ती कुणाच्याही हातून जमली पाहिजे, हे सिद्ध करायचं काम डॉक्टरांकडे होतं, आणि त्यांच्या ओळीने पाच खेपा फसल्या होत्या. कराराचं शेवटचं वर्ष चालू होतं.

एक दिवस ते ताईंच्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. "ताई, स्पष्ट विचारतो. तुम्ही काहीतरी वेगळं करता आणि सांगत नाही."

ताई बीकर पुसत होत्या. पुसायच्या थांबल्या. "जे लिहिलंय तेच करते."

"मग माझं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?"

"मला कसं कळणार? मी काही तुमच्यासारखी शिकलेली नाही."

हे ताई मुद्दाम लागेल असं बोलल्या, कारण त्यांनाही लागलं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना लबाड म्हटलं नव्हतं.

विभागप्रमुख होत्या त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तोडगा काढला. पुढच्या खेपेला दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून काम करायचं. एकाच बाटलीतून घ्यायचं, एकाच वेळी सुरू करायचं. ताई जे करतील ते डॉक्टरांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि तसंच करायचं.

ताईंना वाटलं, आपल्यावर पहारा बसवला. सोमवारी त्या तोंड घट्ट मिटून आल्या. साखरेची पूड निर्वात भट्टीत सुकत घातली. ओलाव्याचा एक थेंब राहिला तरी कोलेस्टेरॉल माळेला चिकटायचं सोडून पाण्याशीच भांडत बसतं. डॉक्टरांनी शेजारच्या कप्प्यात आपली पूड ठेवली. मंगळवारी काही करायचं नव्हतं, तरी डॉक्टर ताईंसमोर बसून होते. बसून बसून कंटाळले आणि बोलायला लागले. थोरलीला गणित नको असतं. धाकटा जेवताना गोष्ट सांगितल्याशिवाय तोंड उघडत नाही. रविवारी दोघं पहाटेच उठवतात आणि बापाच्या पाठीवर बसतात.

"तुमचा रविवार कसा जातो, ताई?"

"जातो."

बुधवारी दोघांनी पूड द्रवात विरघळवली आणि कोलेस्टेरॉल थेंबाथेंबाने सोडलं. ताई थेंब टाकताना श्वास रोखतात, हे डॉक्टरांनी वहीत टिपून घेतलं. "हेही लिहू?" त्यांनी विचारलं, तेव्हा ताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. दुपारी दोघांनी एकाच टेबलावर डबा खाल्ला. ताईंच्या लक्षात आलं की त्या खूप बोलतायत. आईचं आजारपण, पंचवीस वर्षांपूर्वी फुटलेली एक महागडी काचेची नळी, संचालक नवे असताना चुकून बायकांच्या खोलीत शिरले होते तो किस्सा. इतकं कुणी समोर बसून ऐकल्याला किती काळ लोटला होता! घरी जाताना जिन्यावर त्यांचा घसा दुखायला लागला, आणि हे बोलल्यामुळे दुखतंय हे कळायलाही त्यांना थोडा वेळ लागला.

गुरुवारी मिश्रण अल्कोहोलमध्ये ओतलं. पांढरे शुभ्र धागे खाली बसले. शुक्रवारी संध्याकाळी शेवटची पायरी, धुणं. शास्त्रात त्याला डायालिसिस म्हणतात, लॅबमध्ये सगळे धुणंच म्हणत. धागे पाण्यात विरघळवून ते एका पारदर्शक, नळीसारख्या पिशवीत भरायचे, दोन्ही तोंडं बांधायची आणि पिशवी शुद्ध पाण्याच्या मोठ्या बीकरमध्ये सोडून द्यायची. माळा मोठ्या, त्या आतच राहतात. उरलेली विषारी रसायनं बारीक, ती पिशवीच्या छिद्रांतून बाहेर पाण्यात उतरतात. कृतीत लिहिलं होतं: सोमवार सकाळपर्यंत, रोज दोनदा पाणी बदलणे. रजिस्टरमध्ये प्रत्येक वेळेसाठी एक चौकोन होता, पाणी बदललं की तिथे बरोबरची खूण करायची.

शनिवारी संस्था अर्धा दिवस. दुपारी दोघांनी त्या दिवसाचं शेवटचं पाणी बदललं आणि डॉक्टर नेहमीसारखे पळाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी ताई कुणालाच सांगत नव्हत्या. रविवारी संस्था बंद असे, आणि ताई दर रविवारी संस्थेत येत.

आई गेली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला त्यांचं सगळं आवरून झालं होतं. साडेआठला परत आवरलं. दहा वाजता त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांना वाटलं, आता संध्याकाळ व्हायला अजून सबंध एक दिवस आहे. तेव्हा आठवलं की धुणं लावलंय, पाणी बदलायला हवं, कृतीत तसं लिहिलंयच. त्या उठल्या, डबा भरला आणि निघाल्या. वॉचमनने वही पुढे केली, त्यांनी सही केली. पाणी बदलायला दहा मिनिटं लागली. मग काचेची भांडी घासली, वर्तमानपत्र वाचलं, डबा खाल्ला, पाचला पुन्हा पाणी बदललं आणि घरी गेल्या. पुढच्या रविवारी तेच. भावजय फोनवर म्हणाली, "रविवारी तरी सुट्टी घ्या हो ताई," तेव्हा त्या म्हणाल्या, "कसली सुट्टी, मला काम असतं." ते वाक्य म्हणताना त्यांना बरं वाटलं. काम असलेल्या माणसाची कीव कुणी करत नाही.

लॅबमध्ये मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. रविवारी कुणीच येत नाही, तरी सगळ्यांच्या रजिस्टरमध्ये रविवारचे चौकोन भरलेले असतात, हे त्यांना माहीत होतं. लोक सोमवारी येऊन एकदम खुणा करत. ताईंच्या खुणा खऱ्या होत्या, पण दिसायला सारख्याच.

त्या रविवारी ताई आल्या. दोन बीकर शेजारी शेजारी होते, एक त्यांचा, एक डॉक्टरांचा. त्यांनी आपलं पाणी ओतून नवं भरलं. मग का कोण जाणे, त्या दुसऱ्या बीकरवर वाकल्या आणि वास घेतला.

सडक्या मासळीसारखा एक वास. पिरिडीन. बुधवारच्या द्रवातलं रसायन. पुसट होता, पण एकतीस वर्षं हेच हुंगलेल्या नाकाला तो पुरेसा होता. आपल्या बीकरमधून शनिवारी दुपारी बदललेलं पाणी ओततानाही तो आला असणार. सवयीने लक्ष गेलं नव्हतं. म्हणजे डॉक्टरांच्या पिशवीबाहेरचं पाणी आतल्याइतकंच खराब झालं होतं. आता आणखी काही बाहेर उतरणार नव्हतं. उद्या सकाळपर्यंत ती पिशवी स्वतःच्याच घाणीत भिजत पडणार होती.

ताई स्टुलावर बसल्या. हातगुण कसला! त्यांच्या हाताला नव्हतं काही. घरी कुणी नव्हतं, एवढंच होतं.

हे सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय? डॉक्टर खोट्या खुणा करतात, हे. आणि दुसरं, जे त्याहून अवघड होतं: मी सहा वर्षं रविवारी इथे येऊन बसते, कारण मला दुसरीकडे जायला जागा नाही. लॅबमधले चेहरे त्यांच्या डोळ्यांसमोर आले. कुणी हसलं नसतं. सगळे हळवे झाले असते, आणि तेच नको होतं.

त्यांनी डॉक्टरांचं पाणी बदललं. दुसऱ्याच्या प्रयोगाला हात लावायचा नाही हा लॅबचा पहिला नियम, तो त्यांनी मोडला. संध्याकाळी पुन्हा बदललं.

मंगळवारी निकाल आला. डॉक्टरांच्या मालावरच्या पेशी ताठ मानेने जगल्या होत्या. डॉक्टर अक्षरशः धावत आले. "ताई! जमलं! तो श्वास रोखायचाच परिणाम!" त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि या खेपेला बसून प्यायले. ताई हसल्या. पुढच्या दोन खेपांनाही त्यांनी रविवारी गुपचूप दोन्ही बीकरचं पाणी बदललं. तिन्ही खेपा पास. मोठ्या बाईंनी कृती जशीच्या तशी कारखान्याला पाठवली.

महिन्याभराने कारखान्याकडून निरोप आला. पहिली खेप नापास. दुसरीही. पेशी मेल्या. दोन खेपांचा माल फेकून द्यावा लागला होता आणि तिसरी जमली नाही तर ते काम सोडून देणार होते.

मोठ्या बाईंच्या खोलीतून डॉक्टर बाहेर आले ते चालत. त्यांना असं चालताना ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. ताई त्यांच्यामागे गेल्या.

"डॉक्टर."

"बोला ताई."

"रविवारी तुमचं पाणी मी बदललं होतं. तिन्ही वेळा."

डॉक्टरांना आधी काही कळलंच नाही. "कोणतं पाणी?"

"धुण्याचं. तुम्ही शनिवारी दुपारी बदलता ते थेट सोमवारी. मी रविवारी दोनदा बदलते. फरक तेवढाच आहे. बाकी श्वास-बिस काही नाही."

"पण रविवारी संस्था बंद असते."

"मी येते."

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून. सहा वर्षं झाली."

"दर रविवारी? कशाला?"

ताईंनी बाहेर बघितलं. खाली कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. "घरी काय करू?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या खुणा खोट्या आहेत, हे मी कसं सांगू? आणि... हेही सांगवेना. मला वाटलं, गुपचूप निभावून नेऊ. तुमचं भलं करायला गेले आणि सगळ्यांच्या पायावर धोंडा पाडला."

डॉक्टर लाल झाले. ताईंना वाटलं, आता हे ओरडणार. पण ते म्हणाले, "चला." आणि ताईंना घेऊन पुन्हा बाईंच्या खोलीत गेले. आत जाऊन आधी स्वतःचं सांगितलं. "रविवारचे चौकोन मी न येता भरले, बाई. पाचही खेपांना आणि नंतरही." मग ताईंकडे वळले. ताईंनी उरलेलं सांगितलं, पण 'घरी काय करू' हे सोडून. डॉक्टरही ते बोलले नाहीत, आणि त्याबद्दल ताईंना त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मोठ्या बाई बराच वेळ रजिस्टरची पानं उलटत होत्या. एकाखाली एक बरोबरच्या खुणा, एकसारख्या. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्याही आहेत यात. मी तुमच्या जागी काम करत होते तेव्हाच्या." आणि वही मिटली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. कारखान्यातही रविवारचे चौकोन असेच भरलेले निघाले. तिसऱ्या खेपेला त्यांनी रविवारीही पाणी वेळच्या वेळी बदललं, आणि पेशी जगल्या. पुढे त्यांनी एक यंत्र बसवलं, त्यात पिशवीभोवती ताजं पाणी सतत वाहत राहतं, माणूस लागत नाही. तसंच एक लहान यंत्र लॅबमध्येही आलं. डॉक्टरांचा करार वाढला. सुधारलेल्या कृतीत ओळ आली: 'बहात्तर तास वाहत्या पाण्यात ठेवणे.' अहवालाच्या शेवटी आभारांत ताईंचं खरं नाव छापलं, आणि दोघा-तिघांनी खरोखरच विचारलं, ही कोण?

आणि मोठ्या बाईंनी नियम केला: सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये एकट्याने कुणी यायचं नाही. ताईंना त्यांनी मुद्दाम बोलावून सांगितलं, मायेने, "इतकी विषारी रसायनं, ताई, आणि तुम्ही एकट्या. चक्कर येऊन पडला असतात तर सोमवारपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. आता आराम करा." ताई "हो" म्हणाल्या. घरी पडले तर सोमवारपर्यंत तरी कुणाला लागणार आहे, हे त्या बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी एका रविवारी त्यांना घरी जेवायला नेलं. थोरलीने आपलं गणित आणून दाखवलं, धाकट्याने त्यांच्या हातून चार घास खाल्ले. डॉक्टरांच्या बायकोने आग्रह करकरून वाढलं. छान गेला तो दिवस. निघताना सगळे दारापर्यंत आले, "येत जा," म्हणाले. त्यांनी ते मनापासूनच म्हटलं होतं. पण पुढचा रविवार त्यांच्या सासरच्यांचा होता, त्यापुढचा मुलीच्या शाळेचा, आणि मग ते राहूनच गेलं. कुणाची चूक नव्हती. सोमवारी डॉक्टर दोन पायऱ्या एकदम चढत येत आणि ओरडून विचारत, "काय ताई, कसा गेला रविवार?" आणि उत्तराच्या आत आपल्या खोलीत पोचलेले असत.

तीन रविवार ताईंनी घरात काढले. पहिल्या रविवारी कपाटं आवरली. दुसऱ्या रविवारी तीच कपाटं पुन्हा उघडली. तिसऱ्या रविवारी अंथरुणातून उठणंच जिवावर आलं, आणि त्याची त्यांना भीती वाटली.

चौथ्या रविवारी त्यांनी डबा भरला, जिना उतरल्या आणि समोर जी बस आली तिच्यात बसल्या. कंडक्टरने विचारलं, "कुठलं?"

"शेवटचं."

शेवटचा थांबा गावाबाहेर होता. बस रिकामी झाली. एक बंद टपरी, एक अर्धवट बांधलेली भिंत आणि पलीकडे मोकळं मैदान. तिथे मोठी माणसं फुटबॉल खेळत होती, पोटं सुटलेली, धापा टाकणारी, एका बाजूला लाल बनियन आणि दुसऱ्या बाजूला जे हाताला लागलं ते. काठावर दहा-बारा जण उभे होते. ताई त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून उभ्या राहिल्या. नियम त्यांना कळत नव्हते. कुणाच्या बाजूने असावं, तेही कळत नव्हतं.

शेजारची एक बाई, हातात कुणाचे तरी बूट धरून उभी असलेली, त्यांना म्हणाली, "तुमचं कोण आहे यात?"

"कुणी नाही," ताई म्हणाल्या. "मी नुसतीच बघते."

"मग लालवाल्यांना ओरडा. त्यांच्या बाजूने कुणीच आलेलं नाही."

ताई ओरडल्या नाहीत, तेवढा धीर झाला नाही. पण लालवाल्यांनी एकदाचा चेंडू आत घातला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे वाजवत नव्हते, म्हणून त्या टाळ्या मैदानभर ऐकू गेल्या. एका घामाघूम लाल माणसाने वळून बघितलं आणि हात वर केला. खेळ संपल्यावर ताईंनी भिंतीवर बसून डबा खाल्ला, आणि सव्वातीनची बस धरून त्या परत आल्या.